डेबियनवर नवे आहात? कमांडच्या आधी मशिनची नोंदवही वाचायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा-बारा वर्षं विंडोज वापरलेल्या एकांचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसला नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यांनी डेबियन १३ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली टाकली. दीड महिना छान गेला. आता कोणतंही पॅकेज (प्रोग्रॅमचा तयार गठ्ठा) टाकायला गेलं की डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणारी इतर पॅकेजेस, पूर्ण होत नाहीत असं उत्तर येतं आणि गाडी तिथेच अडते. मधल्या काळात त्यांनी दोन प्रोग्रॅम संकेतस्थळांवरून डेब फाइल (डेबियनच्या पॅकेजची फाइल) उतरवून टाकले, उबंटू या दुसऱ्या लिनक्ससाठीच्या एका पीपीएची (पॅकेजच्या स्वतंत्र ऑनलाइन कोठाराची) ओळ हाताने लिहून जोडली, आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या काही लायब्रऱ्या (प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड) ‘सुडो पिप’ने, म्हणजे पायथनचं पिप हे साधन प्रशासकाच्या अधिकाराने चालवून, बसवल्या. त्यांची मागणी दोन गोष्टींची आहे. विंडोजवरचं कोणतं काम इथे कोणत्या कमांडने होतं याचा तक्ता द्या, आणि ॲप्ट, स्नॅप, फ्लॅटपॅक, पिप या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनांतलं नेमकं काय वापरायचं ते एकदाचं सांगा. जाता जाता हेही विचारलंय: हे सगळं शिकून उद्या दुसऱ्या प्रणालीवर गेलो तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात का?

तक्ता द्यायला दोन मिनिटं लागतील. पण त्यातल्या सगळ्या कमांड तुम्हाला आधीच येतात, हे तुमच्या वर्णनावरून दिसतंय. त्या येत असतानाच मशिन अडकलं. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा वेगळा करून घेतो: माझ्या मशिनवर काय आहे, ते कुठून आलं आणि त्याची जबाबदारी कोणाकडे आहे, हे मला केव्हाही कसं कळेल? याचं उत्तर हाताशी असलं की कमांड आपोआप लक्षात राहतात. ते नसलं की तक्ता पाठ असूनही माणूस अडकतो.

मी गेली सतरा वर्षं लिनक्सची मशिनं सांभाळतोय. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, दोन छापखाने, काही लहान कार्यालयं. विंडोजवरून आलेल्या माणसांना बसून शिकवायची वेळ वारंवार येते, आणि अडचण जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच जागी सापडते.

विंडोजवर प्रोग्रॅम आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतो. त्याला लागणाऱ्या बऱ्याचशा फाइल त्याच्यासोबतच असतात, आणि कुठे काय ठेवायचं हे त्याचा इन्स्टॉलर ठरवतो. ‘ॲड ऑर रिमूव्ह’च्या यादीत जे नाव दिसतं, तेही बहुतेक वेळा त्या इन्स्टॉलरनेच रजिस्ट्रीत लिहिलेलं असतं. म्हणजे नोंद करणाराही तोच आणि काढताना पुसणाराही तोच. तिथेही आता विंगेट हे पॅकेज बसवणारं साधन आहे, ते २०२० मध्ये आलं. पण लोकांच्या हाताला लागलेली सवय त्याच्या आधीची आहे: गुगलवर नाव शोधायचं, फाइल उतरवायची, दोनदा क्लिक करायचं. तुम्ही डेबियनवर जे केलंत ते त्याच सवयीने केलंत. त्यात तुमचा हलगर्जीपणा नाही. ज्या घरात ती सवय बरोबर होती, ते घर बदललं आहे एवढंच.

डेबियनवर नोंद ठेवणारा वेगळा आहे. त्याचं नाव डीपीकेजी. पॅकेजमधून आलेली प्रत्येक फाइल, अगदी एखादं चित्र किंवा मदतीचं पानसुद्धा, कोणत्या पॅकेजच्या नावावर आहे हे तो ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. ज्यांचा शेतजमिनीशी संबंध आलाय त्यांना हे लगेच कळेल: हा मशिनचा सातबारा आहे. फाइल कुठे पडलेली दिसते यावर मालकी ठरत नाही, उताऱ्यावर नाव कोणाचं आहे यावर ठरते. ॲप्ट हा त्याच्या वरचा माणूस. तो रिपॉझिटरीत (पॅकेजच्या ऑनलाइन कोठारात) जाऊन पॅकेज शोधतो, त्याला आणखी काय लागतं याचा हिशेब करतो, सगळं उतरवतो आणि शेवटी नोंद डीपीकेजीकडून करून घेतो.

डेबियन १३ मध्ये जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत आणि ती सगळी एकमेकांशी जुळतील अशी गृहीतकं धरून बांधलेली आहेत. एकच लायब्ररी शेकडो प्रोग्रॅम सामायिक वापरतात. विंडोजवर एका प्रोग्रॅमची फाइल बिघडली तर बहुतेकदा तोच प्रोग्रॅम बिघडतो. इथे सामायिक लायब्ररी परस्पर बदलली तर जिचं नावही तुम्ही ऐकलं नसेल अशी गोष्ट बंद पडते. नोंदवही इतकी महत्त्वाची का, त्याचं कारण हे आहे.

आता मुद्द्याचा भाग: हे शिकायचं कसं. पहिला आठवडा नवीन काही टाकू नका, फक्त वाचा. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या.) माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला सराव लोहित फाँटवर देतो. ते पॅकेज लहान आहे, मराठी वाचणाऱ्याला उपयोगाचं आहे, आणि हात चुकला तरी काही मोडत नाही. पॅकेजचं नाव ‘फाँट्स-लोहित-देवा’. आधी ‘ॲप्ट शो’ आणि पुढे हे नाव द्या. पॅकेजची आवृत्ती, आकार, ते कोण सांभाळतं, कशावर अवलंबून आहे, सगळं समोर येतं. मग ते टाका. आधीच असेल तर उत्तमच. मग ‘डीपीकेजी --लिस्टफाइल्स’ देऊन त्याच पॅकेजच्या फाइल बघा. ‘/यूएसआर/शेअर/फाँट्स’च्या आत लोहित-देवनागरीची टीटीएफ फाइल दिसेल. आता उलट दिशेने जा. त्या फाइलचा पूर्ण पत्ता घेऊन ‘डीपीकेजी --सर्च’ला द्या. उत्तर येईल: ही फाइल फाँट्स-लोहित-देवाची.

इथे बहुतेकांच्या डोक्यात दिवा लागतो. पॅकेजवरून फाइल आणि फाइलवरून पॅकेज, असा दोन्ही बाजूंनी रस्ता आहे. हीच दुसरी कमांड मग तुमच्या मशिनवरच्या कोणत्याही फाइलवर चालवून बघा. ज्या फाइलला उत्तर मिळतं तिची जबाबदारी डेबियनच्या व्यवस्थेकडे आहे. ‘/यूएसआर’खालच्या एखाद्या प्रोग्रॅमबद्दल उत्तर आलं नाही, तर तो बहुधा तुम्ही किंवा तुम्ही चालवलेल्या एखाद्या स्क्रिप्टने बाहेरून आणून ठेवलाय, आणि मग त्याला अद्ययावत कोणी ठेवणार नाही. ‘/यूएसआर/लोकल’ हा भाग डेबियनने मुद्दाम तुमच्यासाठी मोकळा सोडलाय. तिथे तुम्ही काहीही ठेवू शकता, मात्र त्याचा हिशेब तुमचा तुम्ही ठेवायचा.

याच आठवड्यात आणखी तीन गोष्टी बघा. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही कमांड तुम्ही मागून घेतलेली पॅकेजेस दाखवते. इन्स्टॉल करतानाची मूळ पॅकेजेसही त्यात बरीच असतात. बाकीची आपोआप, कोणाच्या तरी सोबतीने आलेली. हा फरक कळला की ‘ऑटोरिमूव्ह’ काय काढतं आणि का, ते कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘/व्हार/लॉग/ॲप्ट’मधली हिस्टरी नावाची फाइल. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कमांडने काय आलं, काय गेलं आणि काय बदललं, हे त्यात ओळीने आहे. जमिनीच्या भाषेत हा फेरफार. ‘परवापर्यंत चालत होतं’ असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा हीच फाइल उघडतो. तिसरी ‘ॲप्ट पॉलिसी’. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

जाता जाता एक शब्द सोडवून घेऊ, तो विंडोजवरून आलेल्या प्रत्येकाला अडवतो. ‘ॲप्ट अपडेट’ काहीही अद्ययावत करत नाही. ते फक्त रिपॉझिटरीतली ताजी यादी आणतं. पॅकेजेस बदलतात ती ‘ॲप्ट अपग्रेड’ने. तसंच ‘रिमूव्ह’ पॅकेज काढतं पण ‘/ईटीसी’मधल्या सेटिंग ठेवतं, ‘पर्ज’ त्याही काढतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइलना दोघंही हात लावत नाहीत.

आता ‘ॲप्ट पॉलिसी’. नुसती ही कमांड दिली की मशिनला कोणकोणत्या रिपॉझिटरी जोडल्या आहेत ते दिसतं. पुढे पॅकेजचं नाव दिलं की त्या पॅकेजच्या कोणत्या आवृत्त्या कुठे उपलब्ध आहेत, कोणती बसवलेली आहे आणि ॲप्ट पुढे कोणती निवडेल, ते दिसतं. एखादं पॅकेज मनासारखं वागत नसेल तर माझा पहिला प्रश्न असतो: हे आलं कुठून? ही कमांड त्याचं उत्तर देते.

तुम्ही जोडलेलं पीपीए उबंटूच्या एका विशिष्ट आवृत्तीसाठी बांधलेलं आहे. उबंटू डेबियनमधूनच निघालंय, दोघांच्या फाइलचं रूपही एकच, त्यामुळे ॲप्टला ती पॅकेजेस परकी वाटत नाहीत. पण ती उबंटूच्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या गृहीत धरून बांधलेली असतात. त्यांच्या मागोमाग एक-दोन लायब्रऱ्याही त्याच पीपीएतून आल्या असतील, आणि आता डेबियनच्या पॅकेजेसना जी आवृत्ती हवी आहे तिच्या जागी त्या बसल्या असतील. डिपेंडन्सी पूर्ण होत नाहीत असं ॲप्ट जे म्हणतंय ते खरं आहे. दोन वेगळ्या हिशेबांच्या वह्या एकत्र शिवल्या गेल्या आहेत आणि बेरीज जुळत नाही.

डेबियनच्या विकीवर अशा मशिनला ‘फ्रँकनडेबियन’ असं नाव दिलंय. असं एक मशिन मीही केलं आहे. २०११ साली एका छापखान्यातल्या मशिनवर मला इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी होती. मी स्टेबलच्या (डेबियनच्या स्थिर आवृत्तीच्या) यादीत टेस्टिंगची (पुढच्या, अजून तपासल्या जाणाऱ्या आवृत्तीची) एक ओळ जोडली, इंकस्केप टाकलं, आणि ती ओळ तशीच राहू दिली. इंकस्केपसोबत नवी लिबसी आली. ही अशी लायब्ररी आहे की मशिनवरचं जवळपास सगळं तिच्यावर उभं असतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुलाने रोजच्यासारखं अपग्रेड चालवलं आणि निम्मी प्रणाली टेस्टिंगवर गेली. प्रिंटरचा जुना ड्रायव्हर चालेना. मागे जायचा धड रस्ता नव्हता, कारण पॅकेजेस खालच्या आवृत्तीवर नेणं हे डेबियनमध्ये अधिकृतपणे गृहीत धरलेलंच नाही. लग्नसराई होती, पत्रिका अडकल्या होत्या. रात्रभर बसून सगळं नव्याने टाकलं. त्या दिवसापासून एखादी ओळ यादीत जोडण्याआधी मी स्वतःला विचारतो की ही ओळ उद्या आणि पुढच्या महिन्यातही इथे राहिली तर काय काय बदलेल.

‘पण डेबियनमधलं सॉफ्टवेअर जुनं असतं, मग करायचं काय?’ हा पुढचा प्रश्न येणारच. तो रास्त आहे. डेबियनची स्टेबल आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. १२ वी जून २०२३ मध्ये आली, १३ वी ऑगस्ट २०२५ मध्ये. त्या मधल्या काळात बहुतेक प्रोग्रॅमची मुख्य आवृत्ती गोठलेली असते. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र येत राहतात. त्या जुन्या आवृत्तीतच शिवून दिल्या जातात, म्हणून आवृत्तीच्या शेवटी ‘डेब१३यू१’सारखी शेपटी दिसते. नुसता आकडा बघून जुनं म्हणजे असुरक्षित असं ठरवू नका.

गोठवण्याचा फायदा कसा होतो ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएचच्या (दूरच्या मशिनवर शिरायच्या साधनाच्या) लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं. तो माग काढत गेला आणि एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत पोचल्या होत्या. स्टेबलमध्ये त्या आल्याच नव्हत्या. मी सांभाळत असलेल्या सर्व्हरवर त्या रात्री मला फक्त आवृत्ती तपासून खात्री करायची होती. ताज्या गोष्टीची किंमत असते आणि ती कधीतरी चुकवावी लागते. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ती द्यायची की नाही, हे वेगवेगळं ठरवावं.

ते ठरवण्याचा माझा क्रम सांगतो. यातच ‘ॲप्ट की फ्लॅटपॅक की पिप’ याचं उत्तर आहे.

पहिल्यांदा नेहमी डेबियनचीच रिपॉझिटरी बघतो. तिथली आवृत्ती माझं काम भागवत असेल तर शोध तिथेच थांबवतो. नवी आवृत्ती ‘हवीशी वाटते’ आणि ‘लागते’ यांत फरक आहे. लागत असेल तर बॅकपोर्ट्स बघतो. पुढच्या डेबियनमधलं पॅकेज सध्याच्या स्टेबलसाठी पुन्हा बांधून तिथे ठेवलेलं असतं, आणि तुम्ही नाव घेऊन मागितल्याशिवाय ते येत नाही. २०११ साली मी आधी तिथे बघायला हवं होतं.

पडद्यावरचा मोठा प्रोग्रॅम असेल, म्हणजे व्हिडिओ संपादन, चित्रकला, संदेशवहन, तर फ्लॅटपॅक. तो आपल्या लायब्रऱ्या वेगळ्या ठेवतो, डेबियनच्या लायब्रऱ्यांत मिसळत नाही, आणि त्याची स्वतंत्र नोंदवही असते. ‘फ्लॅटपॅक लिस्ट’ने ती वाचता येते. जागा जास्त खातो. पहिल्या प्रोग्रॅमसोबत त्याची पायाभूत सामग्री उतरते तेव्हा शेकडो एमबी जाऊ शकतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर हे लक्षात घ्या. फ्लॅटहबवर प्रत्येक प्रोग्रॅम मूळ लेखकांनीच दिलेला असतो असं नाही, तेही तिथल्या पानावर बघून घ्या. स्नॅपचा हेतू साधारण असाच आहे, पण तो उबंटूच्या घरचा. उबंटू २२.०४ पासून तिथे ‘ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’ म्हटलं तरी स्नॅपच येतो. डेबियनवर मला त्याची गरज पडलेली नाही. तुम्हीही सध्या दोनांऐवजी एकच शिका.

पायथनचं वेगळं बोलतो, कारण इथे तुम्ही एक इशारा ओलांडून गेला आहात. डेबियन १२ पासून नुसतं पिप चालवलं तर ‘हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे’ अशा अर्थाची चूक दाखवून ते थांबतं. तरीही करायचं असेल तर ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ असा पर्याय द्यावा लागतो. हे नाव मुद्दाम भीतीदायक ठेवलंय आणि ते शब्दशः खरं आहे. डेबियनची स्वतःची काही साधनं पायथनमध्ये लिहिलेली आहेत. ‘सुडो पिप’ने आणलेल्या लायब्रऱ्या ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसतात आणि पायथन त्या आधी शोधतो. मग डेबियनच्या साधनाला आपली लायब्ररी सापडायच्या ऐवजी तुमची सापडते. डीपीकेजीला याचा पत्ताच नसतो, कारण त्याच्या वहीत काही बदललेलं नाही. अभ्यासासाठी किंवा कामासाठी लायब्रऱ्या हव्या असतील तर प्रत्येक प्रकल्पाला वेगळं व्हीएनव्ही करा. तो एक फोल्डर असतो, नको झाला की फोल्डर पुसायचा. पायथनमध्ये लिहिलेला एखादा अख्खा प्रोग्रॅम वापरायचा असेल तर पिपएक्स. दोन्हीकडे सुडो लागत नाही. पिप चालवताना पासवर्ड मागितला गेला तर थांबा, वाट चुकली आहे.

संकेतस्थळावरून उतरवलेल्या डेब फाइलबद्दल मी सरसकट नाही म्हणत नाही. पण तिच्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या (मशिनच्या सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने चालतात, म्हणजे त्या कंपनीला तुम्ही घराची किल्ली देता. काही डेब फाइल आपली रिपॉझिटरीही जोडून जातात. क्रोम असंच करतं, आणि त्यामुळे पुढे त्याची नवी आवृत्ती ॲप्टमार्फत येत राहते, ही चांगली गोष्ट आहे. जी डेब फाइल रिपॉझिटरी जोडत नाही, ती जिथे बसली तिथेच म्हातारी होते. बाहेरची रिपॉझिटरी जोडायचीच असेल तर ती तुमच्या डेबियनच्या नावाने, म्हणजे ट्रिक्सीसाठी बांधलेली आहे का ते बघा. पोस्टग्रेसक्यूएलचा प्रकल्प डेबियनसाठी अशी रिपॉझिटरी ठेवतो. मी ती निर्धास्त वापरतो. आणि ‘ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा’ म्हणणारी, नेटवरून स्क्रिप्ट आणून थेट सुडोने चालवणारी पद्धत मी कामाच्या मशिनवर वापरत नाही. तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे. लॅपटॉप एकच असेल आणि त्यावर रोजचं पोट अवलंबून असेल, तर वरचा क्रम काटेकोर पाळा. शिकायला दुसरं जुनं मशिन किंवा व्हर्च्युअल मशिन असेल तर तिथे खुशाल मोडा. मोडलेलं दुरुस्त करताना जे कळतं ते वाचून कळत नाही. कामच असं असेल की दर महिन्याला ताजी साधनं लागतात, तर कदाचित डेबियन स्टेबल तुमच्यासाठी नाही आणि फेडोरासारखं दुसरं लिनक्स बरं पडेल. ते तुमच्या कामावर आहे, आणि तुमचं काम तुम्ही लिहिलेलं नाही.

एक सवय मात्र परिस्थिती कोणतीही असो, आजपासून लावा. ‘वाय’ दाबण्याआधी ॲप्ट काय म्हणतंय ते पूर्ण वाचा. विंडोजचे इन्स्टॉलर ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबायला शिकवतात, आणि ती सवय बोटांत मुरलेली असते. ॲप्ट प्रत्येक वेळी सांगतं की काय नवीन येणार, काय बदलणार आणि काय काढलं जाणार. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. डेबियन १३ मधल्या ॲप्ट ३.० मध्ये काढली जाणारी पॅकेजेस लाल रंगात दिसतात. एक प्रोग्रॅम टाकायला गेलात आणि लाल यादीत दहा-वीस नावं आली, तर उत्तर ‘एन’.

याची किंमत जगाने पाहिली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबास्टियन या नावाजलेल्या व्हिडिओकाराने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा खेळांचा प्रोग्रॅम टाकायला घेतला. त्या वेळी तिथल्या पॅकेजमध्ये दोष होता, आणि ते बसवण्यासाठी अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल असं ॲप्टने लिहून दाखवलं. ‘हो, मी सांगतो तसं कर’ अशा अर्थाचं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्याने ते टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. पॅकेज सदोष होतं यात शंका नाही, आणि त्यानंतर ॲप्टमध्येही ही वाट आणखी अवघड केली गेली. पण सावध करणारा मजकूर पडद्यावर होता. मोठी यादी असेल तर आधी ‘--सिम्युलेट’ लावून बघा. त्याला सुडोही लागत नाही. नुसतं काय होईल ते दाखवतं, करत काही नाही.

आता तुमच्या मशिनकडे येऊ. सगळ्यात आधी होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’चा निकाल एका फाइलमध्ये साठवून तीही बाहेर ठेवा. मग ‘/ईटीसी/ॲप्ट’खालच्या ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ या फोल्डरमध्ये जा. डेबियनच्या स्वतःच्या ओळी तिथे ‘डेबियन.सोर्सेस’ नावाच्या फाइलमध्ये किंवा ‘/ईटीसी/ॲप्ट’मधल्याच ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये असतील, त्यांना हात लावू नका. पीपीएची फाइल बाहेर हलवा. ती ओळ ‘सोर्सेस.लिस्ट’मध्येच लिहिली असेल तर तिथून काढा. ‘ॲप्ट अपडेट’ चालवा. त्यानंतर ‘ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड’ द्या आणि ज्या नावांपुढे ‘लोकल’ अशी खूण दिसते ती वेगळी लिहून घ्या. जोडलेल्या कोणत्याही रिपॉझिटरीत ती आवृत्ती सापडत नाही, असा त्या खुणेचा अर्थ. तुमच्या दोन डेब फाइल आणि पीपीएतून आलेलं सगळं या यादीत असायला हवं.

आता या यादीत लिबसी६ आहे का बघा. असेल, किंवा यादी तीस-चाळीस नावांची असेल, तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. नव्याने इन्स्टॉल करा. दोन-तीन तासांत तुम्ही पुन्हा उभे राहाल. साठवलेल्या यादीतून खरोखर लागणारी नावं निवडून टाकता येतात. यादी लहान असेल तर एकेक नाव घ्या. नको असलेले प्रोग्रॅम ‘पर्ज’ने काढा. एखादी लायब्ररी अशी असेल की तिच्याच नावाची डेबियनची आवृत्ती हवी आहे, तर ‘ॲप्ट इन्स्टॉल’पुढे पॅकेजचं नाव, तिरपी रेघ आणि ‘ट्रिक्सी’ असं लिहून ती मागा. आधी सिम्युलेट करून. हे खालच्या आवृत्तीवर जाणं आहे, अधिकृत हमी नाही, पण चार-दोन लायब्रऱ्यांपुरतं बहुधा निभतं.

पायथनसाठी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये ‘पायथन३.१३’ आणि त्यात ‘डिस्ट-पॅकेजेस’ असा फोल्डर दिसेल. तिथे जे काही आहे ते तुमच्या ‘सुडो पिप’चं आहे. नावं लिहून घ्या, तो फोल्डर दुसरं नाव देऊन बाजूला ठेवा आणि मशिन चालू करून बघा. सगळं नीट चाललं तर पुसून टाका, आणि त्या लायब्रऱ्या व्हीएनव्हीत पुन्हा घ्या.

तुम्ही असंही विचारलंय की हे सगळं शिकून उद्या दुसरीकडे गेलो तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात का. नाही. हेच प्रश्न घेऊन जा, उत्तरं देणारी कमांड फक्त बदलते. ही फाइल कोणाची? डेबियनवर डीपीकेजी सांगतं, फेडोरावर आरपीएम, आर्चवर पॅकमन, फ्रीबीएसडीवर ‘पीकेजी व्हिच’. मग त्या घराची एखादी खास रीत शिकायची. फेडोराचं डीएनएफ प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतं आणि ‘डीएनएफ हिस्टरी’तून तो व्यवहार बऱ्याचदा उलटवता येतो. आर्चवर यादी ताजी करून एकच पॅकेज टाकणं, म्हणजे अर्धवट अपग्रेड, चालत नाही. करायचं तर सगळं. फ्रीबीएसडीवर मूळ प्रणाली आणि बाहेरची पॅकेजेस परंपरेने वेगळी ठेवतात, आणि पॅकेजेस ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसतात. म्हणजे डेबियनवर जी जागा तुमची होती ती तिथे पॅकेजची आहे. मी फ्रीबीएसडीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा हा एक फरक समजून घ्यायला दोन दिवस दिले, आणि पुढचं सगळं सोपं गेलं.

मशिन मार्गी लागलं की लोहितचा सराव करा, आणि त्याला जोडून मराठी टंकलेखनासाठी ‘आयबस-एम१७एन’ टाका. इन्स्क्रिप्टसोबत गमभनचा आराखडाही त्यात मिळतो. ते पॅकेज कोणकोणती पॅकेजेस सोबत घेऊन येतं हे ‘वाय’ दाबण्याआधी एका कागदावर लिहा. मग हिस्टरीच्या फाइलमध्ये शेवटची नोंद उघडा आणि दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून ताडून बघा.